सारे एक जूनचे

सात-आठ वर्षं अशी गेली की रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांच्या मैदानांवर दिलेला एकही खो माझ्या भावोजींच्या परवानगीवाचून खो ठरत नव्हता. वर्तमानपत्रात मी हे विधान छापलं नसतं, कारण तिथे पुरावा मागतात. पण त्या काळात जिल्ह्यात जे कोणी पी.टी.चे मास्तर होते, त्यांच्यापैकी कुणालाही विचारावं. तो आधी हसेल, मग कोणी ऐकत नाही ना ते बघेल आणि मान डोलवील. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. वीस-बावीस वर्षं लांज्याच्या आतल्या बाजूला प्राथमिक शाळांमधून मास्तरकी केली, चाळिशी उलटल्यावर शारीरिक शिक्षणाची परीक्षा दिली आणि शहरातल्या मुलींच्या एका हायस्कुलात आले. आल्यावर दोन वर्षांत ते जिल्ह्याच्या आंतरशालेय क्रीडा समितीचे चिटणीस झाले. या निवडीची हकिगत थोडक्यात सांगता येते. जून महिन्यात मुख्याध्यापकांची सभा होई. तीत अध्यक्षपदाला तिघे तयार असत, उपाध्यक्षपदाला पाच, आणि चिटणिसाचा विषय निघाला की सगळे खिडकीबाहेर बघत. त्या वर्षी भावोजी खिडकीबाहेर बघत नव्हते, एवढ्यावरून ते एकमताने निवडून आले.

बाहेरच्या माणसाला वाटतं की शाळांचे सामने म्हणजे मैदान, शिट्टी आणि पोरं. प्रत्यक्षात सामने आधी तीन महिने कागदावर होतात. आठ-दहा शाळांचं एक केंद्र, केंद्रातून निवडलेले संघ तालुक्याला, तालुक्याचे जिल्ह्याला आणि जिल्ह्यातला विजयी संघ पुढे विभागाला, अशी ती शिडी. प्रत्येक शाळेने प्रवेशिका पाठवायची, तिच्यावर खेळाडूंची नावं, जन्मतारखा, मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचा गोल शिक्का. शिक्का गोलच हवा. लांबट शिक्का मारलेली प्रवेशिका भावोजी त्याच टपालाने परत करत. खेडच्या बाजूचे एक मुख्याध्यापक दोनदा परत आलेली प्रवेशिका घेऊन एस.टी.ने स्वतः रत्नागिरीला आले, खिशातून गोल शिक्का काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मारा. हवा तेवढा मारा." भावोजींनी तो एकदाच मारला, आणि शिक्का परत मिळाल्याची त्यांच्याकडून पोच लिहून घेतली. या सगळ्या व्यवहाराची एक नियमावली होती. ती त्यांनी स्वतः लिहिली, स्वतः स्टेन्सिलवर कोरली आणि सायक्लोस्टाइल करून जिल्हाभर वाटली. तीत संघ म्हणजे काय, सामना म्हणजे काय, प्रेक्षक म्हणजे काय, याच्या व्याख्या होत्या. वेळेची व्याख्या होती, "वेळ म्हणजे चिटणिसाच्या घड्याळातील वेळ." ते घड्याळ रोज चार मिनिटं पुढे जाई, हे जिल्ह्यातल्या सगळ्या संघांना ठाऊक होतं आणि ते तेवढे आधी येत.

या जिल्ह्याचं कार्यक्रमपत्रक नुसत्या कॅलेंडरवरून करता येत नाही. मधे खाड्या आहेत, खाड्यांवर होड्यांच्या तरी आहेत, तरींना भरती-ओहोटी आहे आणि पलीकडे उतरल्यावर एस.टी. मिळेलच असं नाही. भावोजी एका हाताशी एस.टी.चं वेळापत्रक आणि दुसऱ्या हाताशी पंचांग घेऊन बसत. मंगळवारी वा बुधवारी असं ते म्हणत नसत, सप्तमीला किंवा अष्टमीला म्हणत. एकदा वेळणेश्वराच्या पुळणीवर कबड्डीचे सामने ठेवले होते. तिथी बघून दुपारपर्यंत वाळू मोकळी राहील असा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबरच होता. चुकले ते प्रमुख पाहुणे. ते दोन तास उशिरा आले आणि खेळाचं राष्ट्रजीवनातलं स्थान या विषयावर तासभर बोलले. सामना सुरू झाला तेव्हा समुद्र निघाला होता. उत्तरार्धात एका बाजूची रेषा गेली. चढाईला गेलेला मुलगा लाटेला शिवून परत आला तेव्हा गडी बाद द्यावा की न द्यावा, हे पंचांना कळेना. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून भावोजींकडे बघू लागले. भावोजींनी पायजमा वर घेतला, वहीत "भरतीमुळे खंडित" असं लिहिलं आणि सामना थांबवला. पुढच्या वर्षीच्या नियमावलीत एक पोटनियम वाढला होता, तो असा की समुद्रकिनारी उद्घाटनाचं भाषण ओहोटी संपण्यापूर्वी संपलं पाहिजे. हा नियम मोडल्यास भाषण कोणी बंद करायचं, हे मात्र त्यात नव्हतं. मी तसं विचारल्यावर ते म्हणाले, "समुद्र करील."

मी तेव्हा शहरातल्या एका छोट्या दैनिकात होतो. सामन्यांचे निकाल भावोजी स्वतः कचेरीत आणून देत, आणि मी ते उतरून घेईपर्यंत टेबलाशी उभे राहत. खुर्ची दिली तरी बसत नसत, कारण नातेवाईक म्हणून बसायचं असेल तर घरी बसू, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी खेडच्या मुलांच्या बातमीत "सहज विजय" असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंक घेऊन हजर.

"काय बातमीदार, सहज हे तुला कोणी सांगितलं?"

"गुणांवरून दिसतंच आहे की."

"गुणांवरून गुण दिसतात. सहज पंचांच्या कागदावर नाही. त्यातल्या एका पोराचा अंगठा निखळला होता, त्याला विचार सहज का ते."

त्यानंतर मी खेळाच्या बातमीत विशेषण घातलं नाही. वरिष्ठांनी दोन-तीनदा बातमी कोरडी होते अशी तक्रार केली. मी ती भावोजींना सांगितली. कोरड्या मैदानावरच चांगला खेळ होतो, एवढंच ते म्हणाले.

घरी ते वेगळे असतील अशी कोणाची समजूत असेल तर ताईने ती कधीच दूर केली होती. समितीच्या नियमाप्रमाणे निकालावर हरकत घ्यायची असेल तर सामना संपल्यापासून अर्ध्या तासात लेखी द्यावी लागे, आणि खेळाडूच्या पात्रतेवर घ्यायची असेल तर आदल्या दिवशी दुपारच्या आत. भावोजी जेवायला बसले आणि आमटीकडे बघून थांबले, की ताई म्हणायची, "अर्ध्या तासात लेखी द्या हो. तोंडी चालत नाही ना तुमच्यात?" ते निमूट जेवत. पण एकदा मी पाहुणा असताना त्यांनी खरोखरच रद्दीच्या कागदावर "मीठ" एवढा एकच शब्द लिहून, खाली सही करून, तिच्यासमोर ठेवला. ताईने तो उलटा करून मागे "हरकत फेटाळली" असं लिहिलं. तो कागद पुढे बरेच दिवस फडताळावर डब्याखाली होता.

स्वतःच्या शाळेशी त्यांचं वागणं हा तर थट्टेचा विषय होता. वर्षभर ते त्या मुलींना खो-खो शिकवत, सकाळी सहाला मैदानावर असत, कोणाचा पाय मुरगळला तर हळद उगाळून आणत. पण समितीचे सामने सुरू झाले की ते त्यांच्याकडे बघेनासे होत. संघाबरोबर दुसऱ्या बाई जात. भावोजी त्या मुलींचा उल्लेख "संघ क्रमांक चार" असा करत आणि मुलीही त्यांना वाटेत भेटल्या की गंभीरपणे "नमस्कार चिटणीस" म्हणून पुढे जाऊन हसत. चिटणिसाची शाळा जिंकली की चार माणसं काहीतरी बोलणारच, ही या पदाची जुनी व्याधी होती. तिच्यावर औषध म्हणून ते स्वतःच्या शाळेच्या प्रवेशिका सगळ्यांच्या दुप्पट बारकाईने तपासत.

त्या वर्षी मुलींच्या खो-खोत लांजा तालुक्यातून एक अगदी आतल्या गावची शाळा जिल्ह्याला आली. तिथे पी.टी.चे मास्तर नव्हते. विज्ञान शिकवणारा एक तरुण शिक्षक मुलींना घेऊन आला होता. इतर संघांत बारा-बारा मुली, यांच्यात नेमक्या नऊ. नऊ म्हणजे खो-खोला लागतात तेवढ्याच, आठ बसायला आणि एक धावायला. त्यांची कर्णधार वनिता. दहावीत होती, अंगाने शेलाटी, आणि पळतीला उतरली की बाद होतच नसे. खांबाला वळसा घालून ती अशी काही उलटी फिरायची की पाठलाग करणारी पोर दोन पावलं पुढे जाऊन स्वतःवरच रागवायची. उपांत्य सामन्याला बाजारातली माणसं दुकानाला फळी लावून तिला बघायला आली होती. अंतिम सामना तिच्या शाळेचा आणि भावोजींच्या शाळेचा. जिंकणारा संघ विभागाला जाणार होता. त्या गावातली एकही मुलगी तोवर खेळासाठी जिल्ह्याबाहेर गेली नव्हती, आणि दहावीनंतर वनिताची शाळा सुटणार हे तिच्या घरी ठरलेलं होतं. तिच्या दृष्टीने हे एकच वर्ष होतं.

अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी पात्रतेची हरकत आली. ती भावोजींच्याच शाळेच्या मुख्याध्यापकांनी घेतली होती. वनिताच्या प्रवेशिकेत जन्मतारीख दसऱ्याच्या सुमाराची होती, तर शाळेच्या दाखल्यात ती एक जून होती, असं त्यांना कुठून तरी कळलं होतं. गट सोळा वर्षांखालचा. एक ऑगस्टला सोळा पूर्ण झालेली नसावीत असा नियम. सातवीत आईच्या आजारपणात वनिताचं एक वर्ष गेलं होतं, त्यामुळे ती अगदी काठावर होती. दसरा धरला तर बसत होती, एक जून धरला तर दोन महिन्यांनी बाहेर. भावोजींनी हरकतीचा कागद वाचला आणि परत केला. मुख्याध्यापकांनी सहीखाली हुद्दा लिहिला नव्हता. ते चिडून गेले आणि हुद्दा घालून पुन्हा घेऊन आले, बाराला दहा मिनिटं असताना. भावोजींनी पोच दिली.

विज्ञान शिक्षकाने काही लपवलं नाही. तो म्हणाला, "तिच्या आईने सांगितली ती तारीख मी लिहिली, सर. खरी तीच आहे. आमच्याकडे अर्धी शाळा एक जूनची आहे."

हे खरं होतं, आणि त्याच्यात आश्चर्य वाटण्यासारखं जिल्ह्यात कोणाला काही नव्हतं. शाळा जूनमध्ये उघडते. मूल शाळेत घालायला येणाऱ्या आईबापाला तिथी आठवते, कधी नुसताच सण आठवतो, कधी त्या साली मोठी दुभती गाय गेली एवढंच. मास्तर वर्ष अंदाजाने धरतात आणि पुढे एक जून लिहितात. आमच्याकडे माणसं पावसाच्या तोंडावर जन्मतात ती अशी. पण नियमावलीत स्पष्ट होतं की जन्मतारखेचा वाद झाल्यास मूल प्रथम ज्या शाळेत दाखल झालं त्या प्राथमिक शाळेचं रजिस्टर अखेरचं मानावं. भावोजींना नक्कल चालत नसे. विज्ञान शिक्षक दुपारच्या गाडीने गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने प्राथमिक शाळेचं जुनं रजिस्टर धोतराच्या फडक्यात बांधून घेऊन आला.

मी तिथे होतो. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं, टेबलापलीकडे भावोजी, बाजूला मुख्याध्यापक आणि तो शिक्षक. बाहेर मैदानावर फक्कीने चौरस आखणं चालू होतं. भावोजींनी फडकं सोडलं, पानं उलटली आणि त्या ओळीवर बोट ठेवून सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. अनुक्रमांक. नाव. वडिलांचं नाव, धंदा शेती. जन्मतारीख एक जून. मग नोंद करणाऱ्याची सही, असं म्हणून त्यांनी त्याच आवाजात स्वतःचं नाव वाचलं.

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा मुख्याध्यापक खुर्चीत मागे रेलले. "वा. मग प्रश्नच मिटला. तुमच्याच हातची नोंद."

"नोंद खोटी आहे," भावोजी म्हणाले.

"म्हणजे आमची हरकत फेटाळणार?"

"नाही. हरकत मान्य आहे. रजिस्टर अखेरचं."

विज्ञान शिक्षक म्हणाला, "पण सर, तुम्हीच म्हणताय खोटी आहे म्हणून."

"मी म्हणतो. कागद म्हणत नाही. उद्या प्रत्येक मास्तर येऊन म्हणेल, माझी नोंद खोटी."

त्यांनी इतिवृत्ताची वही ओढली आणि लिहिलं की सदर खेळाडू वयाच्या कारणाने अपात्र ठरत आहे. सदर नोंद चिटणिसाने प्राथमिक शिक्षक असताना स्वतः केली असून ती खरी नाही याची चिटणिसास जाणीव आहे. मुख्याध्यापक म्हणाले की दुसरं वाक्य कशाला, नोकरीवर येईल. भावोजींनी ते खोडलं नाही. मग उठून ते वनिताला सांगायला स्वतः गेले. तेवढ्यासाठी शिपाई होता, बाई होत्या, पण ते गेले. मी चार पावलं मागे होतो.

ती जांभ्याच्या गडग्यावर बसून पायाला पट्टी बांधत होती. सांगितलं ते तिने ऐकून घेतलं. रडली नाही. पट्टी तशीच धरून विचारलं, "ती तारीक लिवलान कोनी?"

"मी लिहिली."

"तुमी? आमच्या शालंत व्हतात तुमी?"

"चार वर्षं. तुझी सहा वर्षं पुरी नव्हती. भावाच्या मागनं रोज यायचीस. घरी धाडली की पडवीत बसून पाढे म्हणायचीस. सगळे चुकीचे."

"मंग?"

"मग एक जून लिहिलं. एक जून लिहिलं की सहा पुरी होत होती."

तिने जरा हिशेब केला. "नायतर कवा घेतलं असतंत?"

"पुढच्या जूनला."

"पुडल्या जूनला बारक्या झाला घरात. त्याला कोनी बगितला असता? मंग माला कोन सोडतंय शालंत." पट्टी सोडून तिने गुंडाळली. "ऱ्हाउ दे, सर. पन आमची ती कडंची पोर हाय ना, ती खो भेटला की डावीकडं बगतच नाय. तिला कुनीतरी सांगा."

"मला सांगता येत नाही. मी चिटणीस आहे."

"मंग मी सांगतंय," ती म्हणाली.

सामना सुरू झाला तेव्हा एका बाजूला आठच मुली होत्या. पाठलागाला त्यांच्या सात बसल्या आणि मधला एक चौरस रिकामा राहिला. पळणाऱ्या मुलींनी तो लगेच हेरला, त्यांना शिकवणाराही हुशार होता. वनिता दोरीबाहेर उभी होती आणि पहिल्या मिनिटापासून तिने तोंड सोडलं. डावीकडं बग गो. उठू नको. आता दे, आता दे. तिचा आवाज पलीकडच्या रस्त्यावर जात होता. पाचेक मिनिटांनी मुख्याध्यापक टेबलाशी आले. बाहेरून सूचना द्यायला नियमाने मनाई आहे, असं त्यांचं म्हणणं.

भावोजींनी नियमावली उघडलीसुद्धा नाही. "मनाई संघातल्या खेळाडूला आहे, आणि व्यवस्थापकाला. ती संघात नाही. सकाळी आपणच काढली."

"मग ती कोण?"

"प्रेक्षक. दोरीबाहेरील कोणीही व्यक्ती. प्रेक्षकाने ओरडावं की नाही, याला नियम नाही."

मुख्याध्यापक परत गेले. वनिता शेवटच्या मिनिटापर्यंत ओरडत होती, आणि त्या आठ मुली अशा खेळल्या की शहरातल्या माणसांनीही त्यांच्या बाजूने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पण रिकामा चौरस रिकामाच होता. दोन गुणांनी त्या हरल्या. बक्षीस वाटपाला ती थांबली नाही. लांज्याकडची गाडी साडेचारची होती.

संध्याकाळी भावोजी नेहमीप्रमाणे कचेरीत येऊन टेबलाशी उभे राहिले. निकाल सांगितला, वेळ सांगितली, मग म्हणाले, "आणखी एक वाक्य घे." ज्या नोंदीवरून लांजा तालुक्याच्या कर्णधारास अपात्र ठरवण्यात आलं, ती नोंद चिटणिसाने स्वतः खोटी केली होती, असं ते वाक्य. मी ते उतरून घेतलं. ते गेल्यावर त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो. सरकारी रजिस्टरात खोटी तारीख लिहिल्याची कबुली छापून आली तर खात्याची चौकशी लागू शकत होती, निवृत्तीला जेमतेम तीन-चार वर्षं राहिली होती, आणि घरात ताई होती. मी ते वाक्य काढलं. बातमीत एवढंच राहिलं की कर्णधार वयाच्या कारणावरून खेळू शकली नाही.

सकाळी ते आले. अंक उघडून वाचला. "एक वाक्य नाही."

"जागा नव्हती."

"शेजारी चार ओळींची मोकळी जागा आहे."

मग मी खरं ते सांगितलं. ताईचा विचार केला, त्यांच्या नोकरीचा केला.

"म्हणजे माझ्या भल्यासाठी."

"हो."

त्यांनी अंकाची घडी घातली. "तूही एक जूनच लिहिलास की रे," म्हणाले आणि निघून गेले.

पुढे व्हायचं तेच झालं. चिटणिसाने आपली शाळा जिंकवायला खेड्यातली पोर बाहेर बसवली, असं एस.टी. स्टँडापासून मासळी बाजारापर्यंत बोललं गेलं. इतिवृत्ताची वही कोण वाचतो? लोक वाचतात ते वर्तमानपत्र, आणि त्यात ते वाक्य नव्हतं. भावोजींनी कोणालाही खुलासा केला नाही. ताई एकदा मला म्हणाली, "छापलं असतंस तर नोकरीचं काय झालं असतं देव जाणे. पण हल्ली हे बाजारातून फिरून येत नाहीत, सरळ घरी येतात." तिने यापेक्षा जास्त बोलून दाखवलं नाही, आणि तेवढं पुरेसं होतं.

पुढच्या जूनच्या सभेत त्यांनी नियमात दुरुस्ती मांडली, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीचा उतारा मिळाल्यास तो रजिस्टरापेक्षा वरचा मानावा. मुख्याध्यापक मंडळी बिचकली. एकजण म्हणाले, "अहो, असे उतारे निघायला लागले तर आमची निम्मी रजिस्टरं उघडी पडतील." भावोजी म्हणाले, "माझं पडलं आहे. काही होत नाही." दुरुस्ती पहिल्या वर्षी पडली, दुसऱ्या वर्षी संमत झाली. तोवर वनिता कोणत्याही तारखेने सोळाच्या पलीकडे गेली होती. ती लांज्याला काजूच्या कारखान्यात लागली आणि पुढे लग्न होऊन मुंबईला गेली, एवढं मला त्या विज्ञान शिक्षकाकडून कळलं.

मग भावोजींच्या निवृत्तीचं वर्ष आलं, आणि तेव्हा मला प्रथमच समजलं की तेही कागदावर एक जूनचे. त्यांच्याही मास्तरांनी त्यांना लवकर शाळेत घेतलं असणार. त्यांची आई सांगत असे तो जन्म मार्गशीर्षातला, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशीचा. म्हणजे एकतीस मे रोजी घरी बसायचं ते खरं म्हणजे डिसेंबरात, सगळे सामने पार पाडून. मी त्यांच्या गावच्या पाटलाकडची जुनी जन्मनोंद शोधायची तयारी दाखवली. माझ्या ओळखी होत्या, आणि मनात त्या काढलेल्या वाक्याचं ओझंही होतं. ताईलाही ते पटलं.

भावोजींनी ऐकून घेतलं. "नोंद सापडेल, मला माहीत आहे. पण वनिताला मी सांगितलं, रजिस्टर अखेरचं. मला दुसरं कुठलं आणू?"

"आता नियम बदललाय, भावोजी. तुम्हीच बदललात."

"खेळाडूंसाठी," ते म्हणाले.

एकतीस मेला त्यांच्या शाळेतून एकाच वेळी तिघेजण निवृत्त झाले, तिघेही एक जूनचे. शाली तीन, नारळ तीन, पाहुणे एकच. त्या हिवाळ्यात अंतिम सामना दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी आला. तारीख नव्या चिटणिसाने ठरवली होती, पंचांग न बघता. एका गावच्या संघात एक मुलगी जन्मनोंदीचा उतारा जोडून खेळत होती, शाळेच्या रजिस्टराप्रमाणे ती बसली नसती. भावोजी दोरीबाहेर पालकांच्या गर्दीत उभे होते. नव्या चिटणिसाने येऊन टेबलाशी खुर्ची देऊ केली, ते नको म्हणाले. ती मुलगी बाद न होता परत आली तेव्हा त्यांनी टाळी वाजवली, इतरांपेक्षा जरा उशिरा, पण वाजवली. मैदानावर त्यांना टाळी वाजवताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

बातमी लिहिताना मी उपस्थित मान्यवरांच्या यादीत शेवटी त्यांचं नाव घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घरी आले. या खेपेला खुर्चीत बसले, चहा घेतला, बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि अंक माझ्यापुढे सरकवला.

"बाकी सगळं बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मी उपस्थित नव्हतो रे. मी बघायला आलो होतो."